व्याह्यांना सापडलेलं जिनसेंग

लग्न ठरवायच्या पहिल्याच बैठकीत गिलसोपने व्याह्यांना सांगून टाकलं, "आमच्या मागच्या डोंगरावर रानटी जिनसेंग येतं. पेरलेलं नव्हे, आपोआप आलेलं. पर्वतदेवाने दिलं, तर हेवॉनच्या लग्नात तुमच्या हातात ठेवीन."

पर्वतदेवाचा यात काही संबंध नव्हता. त्याची लेक हेवॉन शाळेत जायला लागली त्या वर्षी गिलसोपने स्वतःच ते बी ओकच्या सावलीत पेरलं होतं. जिनसेंगच्या या मोलाच्या औषधी मुळाचं बी दीड-दोन वर्षं हूं की चूं करत नाही. मग एक काडी आणि तिच्यावर तीन पानं वर येतात, की त्या वर्षाचं काम संपलं. एखाद्या वर्षी तर रोप रुसल्यासारखं जमिनीखालीच झोपून राहतं. हेवॉन पदवीधर झाली, नोकरीला लागली, तेव्हा कुठे मुळं करंगळीएवढी झाली. पण पेरलेल्या मुळाला रानातल्या मुळाचा मान नसतो. म्हणून हे गुपित फक्त त्याच्या बायकोला, ओक्बुनला, ठाऊक होतं.

"सांगून टाका ना, मी लावलंय म्हणून," ती म्हणाली.

"आणि माझ्या शब्दाचं काय?"

"तोही पेरा कुठेतरी."

लग्नाच्या आधी व्याही मानबोक मुक्कामाला आले. शहरात फरशा विकणारा, उत्साही माणूस. सकाळी उठल्याउठल्या म्हणाले, "चला व्याहीबुवा, तुमचा तो डोंगर दाखवा."

गिलसोपने त्यांना मुद्दाम भलत्याच वाटेने नेलं. अर्ध्या चढावर मानबोक थांबले. "जरा आडोशाला जाऊन येतो," म्हणत ते झाडीत शिरले. ते बराच वेळ आलेच नाहीत. मग डोंगर दणाणला.

"दिसलंऽऽ! जिनसेंग दिसलंऽऽ!"

रानात जो आधी ओरडतो, जिनसेंग त्याचं. बाकीच्यांनी असतील तिथेच बसायचं आणि त्याचं आटपेपर्यंत हलायचं नाही. गिलसोप पळत झाडीपर्यंत पोचला होता, पण तेवढ्यात पुन्हा हाळी आली. तो मुकाट्याने बसला, नेमका चेस्टनटच्या जुन्या काटेरी बोंडावर.

समोर मानबोकांनी जमिनीला दोनदा डोकं टेकवलं आणि काठीने माती उकरायला सुरुवात केली.

"हळू!" गिलसोपच्या तोंडून निघून गेलं. "ते डावीकडे वळलंय!"

"अहो, तिथून कसं कळलं तुम्हाला?"

"बहुतेक... डावीकडेच वळतात."

"आणि खाली हा चपटा दगड कसला?"

"पाणी साचू नये म्हणून ठेवला... देवाने."

मानबोकांनी मूळ वर काढलं. दर वर्षी देठ गळतो आणि मुळाच्या मानेवर एक खूण राहते. ते बोटाने खुणा मोजू लागले.

"एकोणीस!" गिलसोप बसल्या जागेवरून म्हणाला.

मानबोकांनी मोजणं पुरं केलं. "एकोणीसच! काय नजर आहे हो तुमची!" मग त्यांनी उरलेल्या पाच रोपांकडे पाहिलं. सगळी हातभर अंतरावर, एका सरळ रेषेत. "व्याहीबुवा, तुमचा पर्वतदेव फारच शिस्तीचा दिसतो."

"सैन्यात होता," गिलसोप बोंडावरून थोडं सरकत म्हणाला.

घरी आल्यावर मानबोकांनी शेवाळात गुंडाळलेली सहाही मुळं ओक्बुनसमोर मांडली. "विहीणबाई, यांनी शब्द दिला होता, देवाने पाळला! पण एवढं सगळं घेऊन मी यांना रिकाम्या हाती कसा ठेवू? सगळ्यांत मोठं यांचं."

"अहो, नको, नको," गिलसोप कळवळून म्हणाला.

"वा!" मानबोक म्हणाले. "तुमच्या गुडघ्यांवर औषधच आहे हे. आत्ता खायचं, माझ्यासमोर. पानापासून तंतूपर्यंत."

नाही म्हणणं शक्य नव्हतं. व्याह्यांनी प्रेमाने दिलेलं नाकारलं, तर लग्नाआधीच अपशकुन. गिलसोपने डोळे मिटले आणि एकोणीस वर्षं चावू लागला.

"कसं लागतंय?" मानबोकांनी उत्सुकतेने विचारलं.

"ओळखीचं," गिलसोप म्हणाला.

ओक्बुनने ओठ घट्ट मिटून भांडी आवरली. व्याही हात धुवायला गेल्यावर तिने शेवाळात गळून पडलेली, रोपांची बी असलेली लाल फळं एकेक वेचून नवऱ्याच्या तळहातावर ठेवली.

"नातवंडाच्या लग्नापर्यंत होतील तयार," ती म्हणाली. "या खेपेला जरा वाकडीतिकडी पेरा."