राधानगरी रस्त्यावरची बाटली

"बाटली पाडायची म्हणत्यात," असं सांगतच तात्यासो मगदूम घरात आले, तेव्हा त्यांच्या मंडळी पद्मावतीवैनी भाकरी थापत होत्या. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली आणि मगच विचारलं, "कोण म्हणतंय?"

"रस्त्याचा नवा साहेब. रस्ता रुंद करणार हायत. दुकान मागं सरकवलं की झालं, पण बाटली मधीच येती म्हणं."

"मग रस्ता सरकवा म्हणावं."

ही बाटली म्हणजे मगदुमांच्या सोडा फॅक्टरीच्या दारातली, दोन पुरुष उंच, सिमेंटची सोडा-बाटली. तात्यासोंचे वडील आण्णा यांनी ती मौलाली गवंड्याकडून हौसेनं करून घेतली होती. आतून पोकळ, बाहेरून हिरवीगार, आणि गळ्यात नारळाएवढी गोटी. राधानगरीकडून येणारा माणूस बाटली दिसली की कोल्हापूर आलं म्हणून पिशव्या गोळा करायला लागे. आण्णा गेल्यापासून दर उन्हाळ्याच्या तोंडाला वैनी स्वतः शिडीवर चढून तिला रंग देत. तात्यासो खाली शिडी धरून डोळे मिटून उभे राहत.

रस्त्याच्या कामासाठी, दुकानापासून खाली जाणाऱ्या उताराच्या तळाशी एका बैठ्या घरात ऑफिस उघडलं होतं. वैनी दुसऱ्या दिवशी तिथं जाऊन साळवेकर साहेबांसमोर उभ्या राहिल्या.

"हे बघा बाई," साहेब म्हणाले, "सरकारी रस्त्यावर बाटलीची जाहिरात शोभत नाही."

"सोड्याची हाय ती! आमी जैन मानसं. कांदा खायचा तरी धा डाव इचार करतो, आनी आमाला बाटलीचं सांगतासा व्हय?"

साहेब जरा वरमले. "कसलीही असो. सोमवारी मजूर येतील. त्याआधी तुम्ही ती हलवलीत तर माझी काही हरकत नाही."

एवढं धूड कोण हलवतंय, असा साहेबांचा हिशेब होता. पण वैनी तिथून थेट मौलालीच्या घरी गेल्या. मौलाली आता थकला होता, तरी बाटलीचं नाव निघताच उठून बसला.

"उभी न्ह्याची म्हटली तर इजेच्या तारंला लागंल, वैनी. आडवी कराय पायजे."

"मग कर की आडवी."

"मोडली म्हंजे?" मागोमाग येऊन पोचलेल्या तात्यासोंनी विचारलं.

"मोडायची न्हाय," वैनी म्हणाल्या, आणि तो विषय मिटला.

रविवारी निम्मी आळी दोर घेऊन हजर झाली. मौलालीनं भाताच्या पिंजराची गादी घातली, खालून बूड सोडवलं आणि बाटली ओरखडाही न येता आडवी झाली. गडगडू नये म्हणून तिच्या पोटाशी उताराच्या अंगाला एक मोठा दगड लावला. बाटली दुकानामागच्या परड्यात न्यायची म्हणून आळीतल्या आकारामनं उसाची बैलगाडी आणली. पण चढावर गाडी काही ठरेना, मागं मागं यायला लागली.

"चाकाला दगड लावा रं!" तात्यासो ओरडले.

आकारामनं इकडंतिकडं बघितलं. जवळ एकच दगड होता. त्यानं तो उचलला आणि चाकाला लावला. गाडी थांबली. बाटली निघाली.

आधी ती सावकाश, कूस बदलावी तशी एकदा फिरली. मग तिला उताराची गोडी लागली. एका सायकलवाल्यानं सायकल टाकून गटाराचा आसरा घेतला. तात्यासो धोतर सावरत मागून धावत सुटले, "बाटली सुटली! अवो, बाटली सुटली!"

लिंबाखाली एक पावणं तंबाखू मळत बसले होते. ते हात वर करून म्हणाले, "लई झाक झालं बगा! आता परत हात लावू नगासा!"

गळा निमुळता असल्यानं बाटली सरळ न जाता वळत चालली होती. उताराच्या तळाशी ती डावीकडं वळली, रस्त्याच्या ऑफिसचं लाकडी फाटक तिनं आडवं केलं आणि दाराला टेकून थांबली. साळवेकर साहेब आतच राहत. दार उघडेना म्हणून ते खिडकीतून बाहेर आले, तेही लेंग्यावर.

"फोडा! आत्ताच्या आत्ता फोडा ही!"

तोवर वैनी धापा टाकत पोचल्या आणि बाटलीला पाठ लावून उभ्या राहिल्या. "का म्हनून? सोमवारच्या आत हलवा म्हनलासा. हलवली. कुठं ठेवायची ते सांगितलंसा न्हाय!"

साहेबांनी अडलेल्या दाराकडं बघितलं. शेवटी आपल्याला दारातून आत जाता यावं एवढी बाटली बाजूला करायची त्यांनी परवानगी दिली, आणि आळीनं दोर लावून बाटली फाटकाशेजारी उभी केली. दुकान मागं बांधून होईतो ती तिथंच राहायची असं ठरलं.

सोमवारी सकाळी राधानगरीची एस.टी. ऑफिससमोर थांबली आणि शहर आलं म्हणून माणसं उतरली. साहेब आठवडाभर चिडचिडत होते. मग त्यांच्या ध्यानात आलं, की रोज भलतीकडं जाणारे डांबराचे ट्रक आता बरोबर दारात येताहेत. पुण्याहून तपासणीला आलेले मोठे साहेबही न चुकता पोचले आणि म्हणाले, "साळवेकर, विचारावं न लागता सापडलेलं हे पहिलंच ऑफिस!"

रस्ता झाला, दुकानही झालं. वैनी गाडी आणि मौलालीला घेऊन बाटली न्यायला गेल्या, तर साहेब फाटकात आडवे उभे.

"बाई, राहू द्या ना ती. बाटलीचं ऑफिस म्हटलं की आता सगळ्यांना कळतं."

वैनींनी बाटलीकडं बघितलं. तिच्या खाली पक्का चौथरा बांधला होता, भोवती तारेचं कुंपण घातलं होतं.

"दरसाल रंग द्याय पायजे."

"देऊ."

"सोड्याची म्हनून खाली लिवाय पायजे."

"मोठ्या अक्षरात लिहू."

रिकामी गाडी चढ चढायला लागली तसा मौलाली कळवळला. "वैनी, आण्णांची बाटली देऊन टाकलीसा?"

"देतो कशाला? सांभाळाय ठेवली. सरकारच्या दारातली बाटली पाडाय आता कोन येतंय?" गाडी दुकानापुढच्या मोकळ्या जागेवर पोचली. तिथं वैनी थांबल्या. "मौलाली, हितं दुसरी कर."

म्हाताऱ्याचे डोळे चमकले. "केवढी करू?"

"तेवढीच," वैनी म्हणाल्या. मग त्यांनी तो लांबलचक उतार एकदा नीट बघून घेतला.

"पर ह्या टायमाला चौकोनी कर."