मुलाखत संपल्यावर

भर वैशाखात डोंबिवलीच्या रस्त्यावरून लोकरीचा ओव्हरकोट घालून फिरणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते आमचे शेजारी नरहरपंत साठ्ये. कोट त्यांच्या गुडघ्यांखाली लोंबे आणि बाह्यांतून फक्त बोटांची टोकं दिसत. देश सोडून गेलेल्या कुणा गोऱ्या अधिकाऱ्याचा तो कोट त्यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून आणला होता. घामाच्या धारा लागत, पण पंत वरचं बटण सोडत नसत.

"विलायतेत थंडी असते, दामू. तिची सवय इथूनच करायला हवी," ते मला सांगत.

उकाड्यात कोट घालून थंडीची सवय कशी होते, हे विचारण्याचं धाडस मला कधी झालं नाही. दारावर भाजी विकायला येणाऱ्या आगरी बाईला मात्र झालं.

"दादा, हिव भरलाय का तुमाला?"

"बाई, मी संस्कृतीसाठी घाम गाळतोय."

"मंग लिंबू घ्या दोन," ती म्हणाली आणि टोपली उतरवली.

गंमत म्हणजे त्या वेळी पंतांना विलायतेचं बोलावणं आलेलंही नव्हतं. ते कल्याणच्या एका शाळेत शिकवत, वर्तमानपत्रांत लेख लिहीत आणि ठाण्यापासून शहाडपर्यंत कुठेही व्याख्यानाला जात. विषय एकच, 'यंत्रयुग आणि पूर्वेची संस्कृती'. कळव्याला एकदा लोक भजनी मंडळाची वाट बघत बसले होते, त्यांनाही पंतांनी तोच विषय ऐकवला. लोक शांतपणे बसून राहिले. पंत म्हणाले, "काय श्रोते होते! एकही उठला नाही." टाळ त्या लोकांच्या मांडीवर तयार होते, हे मी त्यांना सांगितलं नाही.

मी त्यांना हसतो आहे असं कुणी समजू नये. मी मुरबाडकडच्या खेड्यातला, आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. डोंबिवलीच्या एका खोलीत आम्ही घरचे सहाजण राहत होतो, त्यामुळे अभ्यास केला तो पंतांच्या ओटीवर, त्यांच्याच पुस्तकांवर, आणि त्यांच्या पत्नीने, सुमतीकाकूंनी, दिलेल्या चहावर. निकाल लागला तेव्हा पंतांनी माझ्या वडिलांच्या हातावर पेढा ठेवला आणि म्हणाले, "तुमचा मुलगा आता जगाचा नागरिक झाला!"

वडील घाबरले. "म्हंजे गावाकडं येनार न्हाय का त्यो?"

पदवी मिळताच पंतांनी मला कामाला लावलं. रोज संध्याकाळी मी कचेरीतून आलो की ओटीवर खुर्चीत बसायचं आणि विलायती वार्ताहर व्हायचं. पंत समोर कोट घालून बसत.

"विचार. बेधडक विचार. तू आता दामू नाहीस."

मग मी भीत भीत इंग्रजीत विचारी, भारतीय संस्कृतीचं सार काय? पंत डोळे मिटत आणि वेदांपासून सुरुवात करत. उपनिषदांपर्यंत येईतो कंदील लावायची वेळ होई. काकू आतल्या दारात बसून तांदूळ निवडत असत. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण मध्येच पंत जोशात मराठीवर येत, तेवढं त्या लक्ष देऊन ऐकत.

एकदा पंत संसार आणि संस्कृती यांवर बोलत होते. सुपातला हात थांबवून काकू म्हणाल्या, "मला काय वाटतं, सांगू का?"

पंतांनी तिकडे न बघता तळहात वर केला. "थांब जरा. मुलाखत चालू आहे."

काकू हसल्या. "बरं बाई. मुलाखत संपली की सांगेन."

मुलाखत काही संपली नाही. दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे सुरू झाली.

काट्याचमच्याची तालीमही घरात होई. पंत सुरीने थालीपीठ कापत आणि पितळी ताट असं किंचाळे, की काकू स्वयंपाकघरातून ओरडत, "अहो, दात शिवशिवतात माझे! तिकडे गेल्यावर उपाशी राहिलात तरी चालेल, पण हे बंद करा."

आणि मग खरंच बोलावणं आलं. युरोपातल्या कुठल्याशा संस्थेने पूर्व आणि पश्चिम यांच्या संस्कृतींवर परिसंवाद ठरवला होता. पंतांचा एक इंग्रजी लेख तिथे कुणाच्या तरी वाचनात आला होता. डोंबिवलीने हे कार्य आपलंच मानलं. सत्कार समिती स्थापन झाली आणि आमच्या आळीतले वकील भिडे तिचे अध्यक्ष झाले. काकूंनी मेतकूट, लोणचं आणि डिंकाचे लाडू बांधून दिले. निघताना पंत म्हणाले, "येतो हं." त्या म्हणाल्या, "कोटाची बटणं घट्ट शिवलीत." दोघांचं बोलणं मला ऐकू आलं ते एवढंच.

बोट सुटून काही आठवडे झाले असतील. एका सकाळी काकू विहिरीवर कळशी भरता भरता खाली बसल्या, त्या पुन्हा आपल्या पायांवर उभ्या राहिल्या नाहीत. पक्षाघात. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. माझी आई रात्रंदिवस त्यांच्याजवळ बसू लागली. पंतांना तार करावी की नाही, यावर समितीची बैठक भरली.

"तार करून काय होणार?" डॉक्टर म्हणाले. "ते काय पोहत येणार आहेत?"

"शिवाय परवा परिसंवाद आहे," भिडे वकील म्हणाले. "तिथे महाराष्ट्राची अब्रू पणाला लागलेली. मन विचलित झालं तर?"

माझी आई दाराशी उभी होती. ती म्हणाली, "बायको कुनाची हाय? त्यांचीच ना? मंग त्यांना इचारा की." पण ती समितीची सभासद नव्हती. तार न करण्याचा ठराव एकमताने मंजूर झाला.

पंत परतले त्या दिवशी स्टेशनवर बँड होता. कोटावर हार चढले. पंत हारांमधून मान वर काढून गर्दीत बघत होते.

"सुमती आली नाही?"

"वहिनींची प्रकृती जरा नरम आहे," वकील म्हणाले. "भाषण होऊ द्या, मग सविस्तर सांगतो."

पंतांनी माझ्याकडे पाहिलं. मला तोंड लपवता आलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा समोर श्रोते असताना ते न बोलता निघाले. मागे बँड वाजतच राहिला, कारण थांबा म्हणून त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

परिसंवादाचं काय झालं, हे मला बऱ्याच दिवसांनी कळलं. मी विचारलं नव्हतं, त्यांनीच सांगितलं.

"प्रत्येकाला थोडाच वेळ होता रे. मी उपनिषदांपर्यंत आलो आणि घंटा झाली. नंतर एका बाईने रेडिओसाठी मुलाखत घेतली. साराबिराचं काही विचारलंच नाही तिने. हत्ती पाळता का म्हणाली. आणि मग म्हणाली, या सगळ्याबद्दल तुमच्या पत्नीला काय वाटतं?"

मग ते माझ्याकडे वळले.

"इतकी वर्षं तू मला प्रश्न विचारलेस, दामू. हा आपण घेतलाच नव्हता. मी म्हटलं, पुढचा प्रश्न विचारा. ती म्हणाली, प्रश्न संपले." मग हलकेच म्हणाले, "बोटीवर सगळा वेळ तोच प्रश्न. म्हटलं, घरी गेलो की आधी हेच विचारायचं."

त्यांनी शाळा सोडली, व्याख्यानं सोडली. ओटीवरची खुर्ची आत काकूंच्या खाटेशी गेली. डॉक्टरांनी आशा ठेवू नका म्हणून स्पष्ट सांगितलं होतं. पंतांनी ते ऐकून घेतलं आणि मानलं नाही.

एका संध्याकाळी मी भेटायला गेलो. बाहेर चांगलाच उकाडा होता, पण काकूंचे पाय गार पडत, म्हणून तो ओव्हरकोट त्यांच्या पायांवर घातला होता. वरचं बटणसुद्धा लावलेलं. पंत सदऱ्यावर होते. ते खुर्ची पुढे ओढून वाकले होते आणि काकूंचा डावा हात त्यांच्या हातात होता.

"मुलाखत संपली गं," ते म्हणत होते. "आता सांग."

काकू छताकडे बघत होत्या. मला राहवलं नाही. मी म्हटलं, "पंत, तुम्ही जरा जेवून तरी..."

माझ्याकडे न बघता त्यांनी तळहात वर केला.

"थांब जरा. ती बोलतेय."

खोलीत कसलाही आवाज नव्हता. मी थांबलो.