चिंधामामांची अधिकृत ओळख

खेळाडू मैदानात उतरण्याआधी तो खेळाडू आहे हे लोकांना कळवावं लागतं. एरवी तो भर उन्हात हातात फळी घेऊन उभा राहिलेला गृहस्थच. टीव्हीवाल्यांना हे तत्त्व फार पूर्वी उमगलं. सुरतेच्या डिंडोली वस्तीला उमगायला हेमराज यावा लागला.

हेमराज शेजारच्या उधन्यातल्या एका कारखान्यात साड्यांच्या काठांचं भरतकाम कंप्युटरवर आखून द्यायचा. घरीही एक जुना कंप्युटर होता आणि त्यात व्हिडिओ जोडायचं फुकट सॉफ्टवेअर. (फुकट असल्यामुळे प्रत्येक व्हिडिओच्या कोपऱ्यात त्या कंपनीचं नाव उमटायचं. लोकांना ते प्रायोजक वाटायचे.) दोन वर्षांपूर्वी त्याने 'डिंडोली डायनामाइट' या टेनिसबॉल संघाची टीव्हीवर असते तशी ओळख तयार केली. खेळाडू धुरातून पुढे येतो, मान वळवतो, हाताची घडी घालतो आणि बाजूला त्याचे आकडे धाडधाड आदळतात. मागे लाख माणसांचं स्टेडियम दिसायचं तर हिरवा पडदा हवा. सुरतेत कापडाला काय तोटा? त्याने बायकोची, म्हणजे रंजनाची, हिरवी साडी भिंतीवर टांगली. साडीवर जरीचे मोर होते. सॉफ्टवेअरने हिरवं तेवढं पुसलं, मोर ठेवले. त्यामुळे कर्णधार योगेंद्र हाताची घडी घालून उभा राहिला, तेव्हा त्याच्यामागे स्टेडियमवर चौदा मोर तरंगत होते. दुसऱ्याच दिवशी उधन्याच्या संघाचा निरोप आला, "आम्हालापण मोरवाला इफेक्ट पाहिजे."

तिथून डिंडोली-उधन्याच्या वार्षिक स्पर्धेची प्रगती झपाट्याने झाली. पहिल्या वर्षी ओळख दोन मिनिटांची आणि सामना आठ षटकांचा होता. पुढच्या वर्षी ओळख अठरा मिनिटांची झाली. सूर्य स्पर्धा समितीच्या ताब्यात नसल्यामुळे षटकं पाचावर आणावी लागली. यंदा तीन. नियमही झाले: मैदानावर व्हिडिओचा पडदा लागल्याशिवाय नाणेफेक होणार नाही, ओळख चालू असताना कोणी सराव करून प्रेक्षकांचं लक्ष विचलित करू नये, ज्याची ओळख नाही तो राखीव. सत्तर टक्के खेळाडूंनी फलंदाजीचा सराव सोडून मान वळवण्याचा सुरू केला. (उरलेल्या तीस टक्क्यांची मान आधीपासून चांगली वळत होती.)

या भरभराटीत एकच माणूस मागे पडला, चिंधामामा. हेमराजचे सख्खे मामा. राहायला नवागामला, कामाला कापडाच्या लूमवर, वय एक्कावन्न, डावखुरे फिरकी गोलंदाज. दहावी नापास हेमराजला गावाहून सुरतेत त्यांनीच आणलं आणि इंदुबाई मामींनी त्याला वर्षभर जेवू घातलं. मामांचा चेंडू टप्पा पडल्यावर कुठे जाईल हे मामांनाही माहीत नसायचं, मग फलंदाजाला कुठून असणार? पण मामांमध्ये एक गंभीर तांत्रिक दोष होता. कॅमेऱ्यासमोर त्यांना हसू यायचं.

"मामा, हाताची घडी घाला. आता प्रतिस्पर्ध्याकडे रागाने बघा," हेमराज म्हणाला. (एरवी तोही मामांसारखा गावच्या बोलीत बोलायचा, पण व्हिडिओच्या कामात शुद्ध मराठी वापरत असे.)

"कोन शे प्रतिस्पर्धी?"

"समोर. कॅमेऱ्यात."

मामांनी बघितलं. ओठ थरथरले. मग फस्सकन हसू फुटलं. "माले हासू ई जास रे भाऊ. तठे तं तूच उभा शे!"

असे एकवीस प्रयत्न झाले. शेवटी योगेंद्र अर्ध्या गुजरातीत म्हणाला, "हेमराजभाई, आ नहीं चाले. एटिट्यूड जोईए. मामाला राखीवमध्ये टाक."

ते सांगायचं काम भाच्यावरच आलं. मामांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "बॉल तं टाकता येस ना माले?"

"येतो, मामा."

"मंग?"

हेमराजने समितीचा नियम वाचून दाखवला. मामांनी तो नीट ऐकला, मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून ते संघासाठी पाण्याचा जार उचलू लागले. त्या दिवशी हेमराजला जेवण गेलं नाही. पण व्हिडिओला फार दाद मिळाली, त्यामुळे दुसऱ्या दिवशी गेलं.

यंदाचा अंतिम सामना डिंडोली आणि उधना यांच्यात होता. दोन्ही संघांची ओळख हेमराजचीच. (तज्ज्ञ एकच असला की निःपक्षपातीपणा आपोआप येतो.) उधन्याचा मुख्य फलंदाज पंडित. ओळखीच्या चौकटीत 'किती वेळा बाद' असा एक रकाना होता. पंडितला काही आठवेना. रिकामा रकाना वाईट दिसतो म्हणून हेमराजने तिथे शून्य टाकलं आणि त्याला सोनेरी ज्वाळा लावल्या.

पडद्यावर ते शून्य पेटलं, तेव्हा पंडितच्या आईने, सरलाबाईंनी, तिथल्या तिथे मुलाची दृष्ट काढली.

डिंडोलीचा वेगवान गोलंदाज अमोल (पडद्यावर ताशी १४८) सामन्याआधी लोकांना मान वळवून दाखवत होता. चौथ्यांदा वळवली ती परत येईना. दुसरा कोणीच नसल्यामुळे योगेंद्रने मामांच्या हातातला जार काढून घेतला आणि चेंडू दिला.

मामांनी पहिलाच चेंडू टाकला. पंडित पुढे आला, चेंडू त्याला वळसा घालून गेला आणि मधला स्टंप आडवा झाला.

पंडित जागचा हलला नाही. "मी बाद होत नाही," तो नम्रपणे म्हणाला. "वर दाखवलंय."

पंच होते बाबुराव. एका कचेरीत चौतीस वर्षं कारकुनी करून निवृत्त झालेले. कागदाशिवाय त्यांनी स्वतःचं लग्नही मान्य केलं नव्हतं. त्यांनी पडद्यावर पंडितची ओळख पुन्हा लावायला सांगितली, शून्य दोनदा वाचलं आणि योगेंद्रला विचारलं, "याच्याविरुद्ध तुमच्याकडे काही पुरावा?"

"स्टंप पडला ना, बाबुराव!"

"स्टंप लेखी नाही. शिवाय हा चेंडू टाकला कोणी?"

"मीच तं!" मामा म्हणाले.

"तुमची ओळख?"

मामांनी आजूबाजूला पाहिलं. मैदानावरची निम्मी माणसं त्यांनी हाताला धरून लूमवर लावली होती. पण ती ओळख पडद्यावर नव्हती. बाबुरावांनी निर्णय दिला, "चेंडू अनोळखी इसमाचा. अर्ध्या तासात ओळख सादर करा, नाहीतर पंडित नाबाद."

हेमराज पडद्याखाली लॅपटॉप घेऊन बसला होता. ते शून्य त्याने स्वतःच्या बोटांनी टाकलं होतं. तो उठला आणि बाबुरावांना म्हणाला, "ते शून्य खोटंय. मीच घातलंय."

"लेखी द्या," बाबुराव म्हणाले.

मग तो मामांची ओळख तयार करायला धावला. रंजनाने घरून साडी आणली. एक टोक तिने धरलं, दुसरं इंदुबाईंनी. मामा मध्ये उभे राहिले.

"हात बांधू का?" त्यांनी विचारलं.

"काही बांधू नको, मामा. कसाबी उभा राह्य."

मामांनी भाच्याच्या घामेजलेल्या तोंडाकडे पाहिलं आणि फस्सकन हसले. हेमराजने तेवढंच घेतलं. पण रकाने भरायचे राहिले होते. "मामा, आजवर किती विकेट?"

"मोज्या नहीत."

वेग? मोजला नव्हता. सरासरी? मामांना तो सरकारी दाखला वाटला. हेमराजने रकाने पुसले आणि आयुष्यात पहिल्यांदा जे घडलं तेच टाईप केलं: 'चिंधामामा. बाद केले: पंडित, आज.'

पडद्यावर बारा फुटी मामा हसले. एक दात नव्हता, डोक्यावर मोर होता. आधी इंदुबाई हसल्या, मग सगळं मैदान, आणि हसता हसता पंडितनेच बॅट काखेत मारली. "चला, जातो. माणूस खरा दिसतोय," तो म्हणाला. बाबुरावांनी निर्वाळा दिला की दोन कागद परस्परविरोधी असल्यास नंतरचा ग्राह्य धरावा. हेमराजने आजवर एकशे बारा माणसं पडद्यावर चढवली होती. पैकी स्वतःसारखा दिसणारा हा पहिलाच.

लोकांनी तो व्हिडिओ सात वेळा लावायला लावला. आठवडाभरात तो उधना, नवागामच्या प्रत्येक फोनवर पोचला. आता सगळ्या संघांना हसरी ओळख हवी असते. तरुण मुलं आरशासमोर फस्सकन हसण्याचा सराव करतात. योगेंद्रने तर एक दात काढून घेण्याची चौकशी केली. समितीने मामांना हास्य-मार्गदर्शक नेमलं. पण पहिल्याच वर्गात 'हसा' म्हटल्यावर मामांना हसू येईना. ते उठले आणि सरळ गोलंदाजी करायला गेले.

राहता राहिला तो अंतिम सामना. त्याचा निकाल बाबुरावांनी तीन प्रतींत लिहून ठेवला आहे आणि कोणी मागितला तर ते ताबडतोब देतात. अजून कोणी मागितलेला नाही. हे हेमराजला फार लागतं. एवढी क्रिकेटवेडी माणसं, पण शेवटी जिंकलं कोण हे एकालाही विचारावंसं कसं वाटलं नाही, असं तो भेटेल त्याला विचारतो. तुम्ही कधी डिंडोलीला गेलात तर त्याच्यासमोर येऊ नका. तुम्हाला तरी आत्तापर्यंत कुठे वाटलं होतं?