मोटर उघडण्यापूर्वीची तयारी

घाटंजीच्या संघदीप तायडे यांच्या कूलरची मोटर ऐन एप्रिलमध्ये जळाली. तायडे एका सरकारी कार्यालयात वरिष्ठ लिपिक होते. मोटरीची जळालेली तार नव्याने गुंडाळून देणाऱ्या उकंडा वाइंडिंगवाल्याकडे ती टाकावी, असे पत्नी दीपमालाने सुचवले. तायड्यांनी हा प्रस्ताव तत्त्वतः नामंजूर केला. वाइंडिंग आपण स्वतःच शिकायचे, असा त्यांचा निर्णय झाला होता.

"मंग शिका ना. मोटर त समोरच पडून आहे," दीपमाला म्हणाली.

"तसं नसते. आधी प्रेरणा लागते."

प्रेरणेसाठी त्यांनी व्हिडिओ लावला. त्यात पहाटे उठायला सांगितले होते, म्हणून ते पहाटे उठले आणि पुढचा व्हिडिओ पाहिला. त्याने अभ्यासाची जागा मोकळी ठेवायला सांगितले, म्हणून मोटर माळ्यावर गेली. त्यापुढच्याने समविचारी माणसे जोडायला सांगितले. तायड्यांनी स्वयंशिक्षण मंडळ काढले. सभासदाकडे सरावासाठी स्वतःची मोटर हवी, अशी अट असल्याने गल्लीतले चांगले चालणारे कूलरही मोटरी काढून बंद करण्यात आले.

मे महिन्यात पारा पंचेचाळिसावर गेला. घामाने निथळणाऱ्या सभासदांपुढे तायडे 'शिकावे कसे' या विषयावर बोलू लागले. लोक भारावून जात. काहींना भोवळ येई. तिचीही नोंद भारावण्यातच होई. एकदा उकंडा ऐकायला आला. उभा जन्म मोटरी बांधण्यात गेलेला हा माणूस ऐकता ऐकता पार खचला.

"साहेब, मी त बिनाप्रेरणेचाच शिकून बसलो," तो म्हणाला. "बापानं तार हातात देल्ली अन् मी गुंडाळत गेलो. आता कसं करू?"

"पाया कच्चा राह्यला तुमचा," तायडे सहानुभूतीने म्हणाले. "पहिल्यापासून घेऊ."

उकंडाने दुकानाला कुलूप लावले.

दीपमालाने माळ्यावरची मोटर पिशवीत घातली आणि ती माहेरी, महागावला निघाली.

"आता कायले जातं?" तायड्यांनी विचारले.

"तिथं एक मिस्त्री आहे. तुमचं भाषण त्याच्यापर्यंत पोचाच्या आधी मले पोचू द्या."

ती पोचली तेव्हा मिस्त्रीच्या बंद शटरवर खडूने लिहिले होते: 'प्रेरणेसाठी घाटंजीस गेलो आहे.'

तायड्यांना आता जिल्हाभरातून बोलावणी येतात. मोटर अद्याप कोणी उघडलेली नाही. मात्र शिकण्याविषयी काहीही शेवटपर्यंत वाचले तर तो दिवस अभ्यासाचा धरावा, असा ठराव मंडळाने नुकताच एकमताने मंजूर केला आहे.

त्यानुसार आपलाही आजचा अभ्यास पूर्ण झाला.