पोरे टेलरांची खाट

“...आणि हॉस्पिटलात पोरे टेलरांची खाट म्हणे घराकडं सरकायचं सोडून रोज मिरजेच्या अंगाला...”

एवढं ऐकू आलं आणि गिरणीचा पट्टा सुरू झाला. शेजारच्या अक्काताईंचे ओठ हलत राहिले, समोरच्या बाईने तोंडावर हात ठेवला, आणि मागे दळणाचा डबा घेऊन उभ्या असलेल्या इंदुमती पोरेंना पुढचं काहीच कळलं नाही. त्यांनी डबा तिथेच ठेवला आणि तशाच हॉस्पिटलाच्या वाटेला लागल्या.

तासगावच्या त्या हॉस्पिटलात खाटा सरकतात, यात नवल काही नव्हतं. दुपारची जेवणं झाली, वॉर्डाला डुलकी लागली, की पेशंटचं मन जिकडे ओढ घेईल तिकडे त्याची खाट चालू लागते. बाळंतिणींच्या खाटा काचेच्या पेटीतल्या बाळांकडे जातात. आभाळ भरून आलं की द्राक्षबागवाल्यांच्या खाटा एकदम दाराशी गर्दी करतात. ब्रेक लावून उपयोग होत नाही. साखळीने बांधायला अग्निशमनवाल्यांची मनाई, कारण आग लागली तर खाट ओढून बाहेर काढता आली पाहिजे. म्हणून हॉस्पिटलाने जोखीम विभाग काढला आणि तिथे कोळेकर नावाचे साहेब बसवले. त्यांनी नियम केला की सुट्टी देताना पेशंट कुणाच्या हवाली करायचा हे नातं बघून नाही, खाटेची दिशा बघून ठरवायचं. मागे एका म्हाताऱ्याला मुलाने उलट दिशेला नेलं होतं, तर त्याची रिकामी खाट हमरस्त्यावर जाऊन एस.टी.ला आडवी झाली होती.

इंदुमतींचे यजमान दिनानाथ पोरे यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन होऊन टाके सुकत आले होते. सुट्टी आता तोंडावर होती. त्यांचं घर हॉस्पिटलाच्या उत्तरेला. मिरज दक्षिणेला.

“खरं आहे का साहेब?” इंदुमतींनी दारातूनच विचारलं.

“बसा मावशी,” कोळेकर म्हणाले. “सरकते. दक्षिणेच्या दारापर्यंत जाते. ते आणीबाणीचं दार, ते अडतं. म्हणजे मोठी जोखीम. त्या बाजूला तुमचं कोण राहतं?”

“कुणी नाही.”

“मिरजेत?”

लग्नाआधी दिनानाथ मिरजेत एका मास्तरांकडे शिवण शिकायला राहिले होते, एवढं इंदुमतींना माहीत होतं. त्यापुढचं दोघांपैकी कुणी कधी काढलं नाही. मात्र मिरजेची गाडी दुकानावरून गेली की मशीनवरचा दिनानाथांचा पाय थांबायचा. गाडी वळणाआड गेली की पुन्हा चालू. इंदुमती शेजारी काजं-बटणं करत बसलेल्या असायच्या. तेवढा वेळ त्याही सुई धरून थांबायच्या.

“मग नियमाने पेशंट मिरजेला द्यावा लागेल,” कोळेकर हळहळून म्हणाले.

“अहो, नवरा आहे तो माझा. पार्सल आहे का?”

“पार्सल असतं तर पत्ता तरी असता, मावशी.” कोळेकर म्हणाले. “बरं, दुपारी तुम्ही कुठे असता?”

“कुठे असणार? भेटीची वेळ संपली की तुमचा रखवालदार हाकलतो. मग थांब्यापाशी लिंबाखाली बसते, संध्याकाळी परत आत सोडेपर्यंत.”

कोळेकर उठून खिडकीपाशी गेले. लिंब दिसत होता. तो दक्षिणेलाच होता.

“हे आमच्या ध्यानात आलं नव्हतं,” ते म्हणाले. “खाट लिंबाकडे येते की मिरजेकडे जाते, हे इथून सांगता येत नाही. उद्या चाचणी घेऊ. दुपारी तुम्ही उत्तरेला बसा, धुलाईघरामागे. खाट मागे फिरली तर पेशंट तुमचा.”

“आणि नाही फिरली तर?”

“तर मिरजेला कळवावं लागेल.”

“कुणाला कळवणार?”

“ते खाट दाखवील,” कोळेकर म्हणाले.

संध्याकाळी अक्काताई हातात कोथिंबिरीची जुडी घेऊन आल्या. एरवी त्या रिकाम्या हाताने येतात.

“वहिनी, मी गिरणीत तुमच्याच बाजूनं बोलत होते हं.”

“मी अर्धंच ऐकलं.”

“उरलेलं बी तसलंच होतं,” अक्काताई म्हणाल्या आणि चुलीपाशी टेकल्या. “उद्या भरली वांगी न्या. वासानं खाट पळत येती का न्हाई बघा.”

इंदुमतींनी वांगी केली. पण दुसऱ्या दिवशी वॉर्डाच्या दाराशी कोळेकरांनी डबा उघडून बघितला आणि झाकण लावलं. “हे आत्ता जेवणात द्या. चाचणीच्या वेळी जवळ ठेवू नका. वासाने आलेली खाट धरत नाहीत, मावशी. ओढ निर्मळ पाहिजे.”

दिनानाथ वांगी चवीने जेवले. इंदुमतींनी भाकरीचा तुकडा त्यांच्या ताटात सारला आणि विचारलं, “अहो, मिरजेत काय आहे हो?”

दिनानाथांनी घास चावून संपवला.

“जंक्शन आहे.”

“ते मलाही ठाऊक आहे.”

“मग विचारतेस कशाला?” ते म्हणाले. पाणी प्याले. मग खाली बघत म्हणाले, “डोळा लागला की खाट माझं ऐकत नाही गं. आज तिकडे मागे बसायचंय ना तुला? तिकडे सावली नाही. छत्री ने.”

धुलाईघरामागे दोरीवर चादरी वाळत होत्या. इंदुमती पालथ्या बादलीवर छत्री उघडून बसल्या. पहिल्या मजल्यावरची वॉर्डाची खिडकी तिथून दिसत होती. हाक मारायची नाही, हातवारे करायचे नाहीत, असं कोळेकरांनी बजावलं होतं. नुसतं बसायचं. तसं बसायची त्यांना सवय होती. पण आजवर त्या बसल्या त्या नवरा परत येणार हे धरूनच. आज पहिल्यांदा वाटलं, इतक्या वर्षांत एकदा तरी दुकानाबाहेर येऊन बघायला हवं होतं, गाडीत कोण बसलंय ते. निदान विचारायला हवं होतं, अहो, जायचं का एकदा दोघं मिळून? नाही म्हणाले असते. पण विचारलं असतं.

चादर फडफडली, खिडकी झाकली गेली, पुन्हा दिसली. पडदा हलल्यासारखा वाटला. वारा असेल. मग काचेवर काहीतरी टक्कन आपटलं. लोखंडी दांडा. खाटेच्या उशाचा. मागे पांढरे केस दिसले, उशीवर कलंडलेले.

इंदुमती उभ्या राहिल्या. छत्री मिटायचं भान राहिलं नाही; तशीच उघडी घेऊन त्या जिना चढल्या आणि रखवालदार बाजूला झाला.

वॉर्डात कोळेकर खाटेखाली ओणवे होऊन चाकं बघत होते. दिनानाथ घोरत होते.

“आली ना हो?” इंदुमतींना धाप लागली होती. “आली की नाही?”

“आली.” कोळेकरांनी गुडघे झटकले. “तीन चाकं तुमच्याकडे आहेत, मावशी. एक मिरजेकडे.”

“कुठलं?”

“उशाकडचं, डावं.”

“मग तुमचा नियम काय म्हणतो?”

“बहुमत,” कोळेकर म्हणाले. “पेशंट तुमचा. चौथ्या चाकाबद्दल मिरजेहून कुणी विचारायला आलं, तर तेव्हा बघू.”

इंदुमती खाली वाकल्या. ते चाक त्यांनी बोटाने धरलं आणि उत्तरेला वळवलं. बोट काढल्यावर चाक सावकाश परत फिरलं, कुठे जायचं ते नीट माहीत असल्यासारखं. त्यांनी पुन्हा हात लावला नाही. नवऱ्याच्या अंगावरचं पांघरूण तेवढं सारखं केलं.

दिनानाथांना घरी आणल्यावर दुसऱ्या दिवशी त्या राहिलेलं दळण आणायला गिरणीत गेल्या. अक्काताई आधीच येऊन बसल्या होत्या.

“मग वहिनी, खरं का काय ते मिरजेचं?”

“चार आणे,” इंदुमती म्हणाल्या.

“आन् बाकीचे बारा?”

“घरी आणलेत.”

घरची खाट लाकडी, तिला चाकं नव्हती. तरी दुपारी जेवणं झाल्यावर, दिनानाथांचा डोळा लागला तसा इंदुमतींनी चटई घेतली. उत्तरेला ऐसपैस जागा होती, पंखाही तिथेच लागायचा. त्यांनी चटई दक्षिणेला, मिरजेच्या अंगाला, खाट आणि भिंत यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत अंथरली, आणि अंग चोरून तिथे आडव्या झाल्या.