विठूची सुकवणखोली

विठूने खिडकीच्या फटीवर टेपची शेवटची पट्टी मारली, दोन पावलं मागे सरून आपल्या कामाकडे कौतुकाने पाहिलं आणि म्हणाला, "रोहिणी, आता हितून मुंगीचा श्वासबी भायेर जायचा नाय."

"आनि मूर्तींतलं पानी?" रोहिणीने विचारलं.

"त्ये जाईल गो. लाल दिवा हवा तापवत नाय, थेट मातीला तापवतो. आमच्या कंपनीत रंग असाच सुकवतात. चार दिवस. लिहून ठेव."

रोहिणीने काही लिहून ठेवलं नाही. तिचे दोन्ही हात शाडूने माखलेले होते. हमरापूरच्या त्यांच्या कारखान्यातून आजवर मूर्ती जायच्या त्या सासूच्या, म्हणजे बायजाच्या नावाने. यंदा पहिल्यांदाच रोह्याजवळच्या अष्टमी गावातल्या एका सोसायटीने "रोहिणीताईंच्या हातच्या" म्हणून गणपतीच्या शाडूच्या सात मूर्ती सांगितल्या होत्या. गुरुवारी मूर्ती रंगाला घेतल्या तर वेळेत पोचणार, नाहीतर सोसायटी दुसरीकडून आणणार. आणि पावसाने तर दहा दिवस उसंत घेतली नव्हती.

विठू रोह्याच्या एका कंपनीत इन्स्ट्रुमेंट खात्यात होता. तापमान मोजणं हे त्याचं काम आणि व्यसनही. त्याच्याकडे पिस्तुलासारखं एक यंत्र होतं. लांबून रोखलं की वस्तू किती गरम आहे ते आकड्यात दाखवायचं. घरात आल्याआल्या तो आधी चहावर रोखायचा, मग प्यायचा. बायकोसाठी काहीतरी करून दाखवायची ही संधी तो सोडतो कशाला? कोंबडीची पिल्लं उबवायला लावतात तसले आठ लाल दिवे त्याने आणले, भिंतींना चकचकीत चंदेरी कागद लावला आणि तापमानाचा काटा चाळीस अंशांवर बसवला. शुक्रवारी दिवे लागले.

शनिवारी कामावरून आल्यावर त्याने मूर्तींवर पिस्तूल रोखलं. चाळीस. रविवारी चाळीस. रोहिणीने मूर्तीच्या पाठीवर अंगठा टेकवला आणि म्हणाली, "वली हाय."

"आसंल कशी? चाळीस हाय!"

"चाळीस हाय आनि वलीबी हाय."

विठूला जेवण गोड लागेना. काळजी तर होतीच, पण त्याहून मोठं होतं ते कुतूहल. उष्णता जाते कुठे? सोमवारी त्याने साहेबांच्या हातापाया पडून कंपनीचा थर्मल कॅमेरा एका दिवसासाठी मागून आणला. गरम ते लाल, थंड ते निळं. संध्याकाळी त्याने खोलीत कॅमेरा फिरवला आणि चक्रावलाच. जमिनीवर निळ्या ठिपक्यांच्या तीन सरळ रांगा होत्या, आणि दिव्याखालच्या पाटावर एक मोठा, गोल, निळा डाग.

"हितं कोनतरी बसलं व्हतं," तो पुटपुटला. "लई वेळ. दिव्याची धग आडवून."

"मांजर आसंल," रोहिणी म्हणाली.

"येवढं मोठं?"

मंगळवारी विठू रोजच्यासारखा पहाटे डबा घेऊन निघाला, वडखळला उतरला, दोन चहा प्याला आणि दहाला परत आला. सुकवणखोलीचं दार ढकललं. आत तीन दोऱ्या बांधल्या होत्या. त्यांवर शाळेचे गणवेश, चार गोधड्या, शेजारच्या सुरभीच्या सासऱ्यांची धोतरं, अख्ख्या आळीचं धुणं लटकत होतं. पाटावर बायजा दोन्ही गुडघे दिव्याकडे करून बसली होती आणि सुरभी तिला मिरच्या निवडून देत होती.

"आये!"

"दार लाव आधी," बायजा म्हणाली. "ऊब जातेय."

"आये, ह्ये सगलं पानी हाय! तुमी आख्खी आळी आनून टांगलीव हितं! मूर्ती सुकतील कशा?"

"माझं गुडघं बघ कसं मोकलं झालं," बायजाने पाय लांब करून दाखवले.

विठूने कोणाचं ऐकलं नाही. धुणं काढलं, दोऱ्या सोडल्या, सुरभीला मिरच्यांसकट बाहेर काढलं. सुरभी फणकारली, "बरं, आमचं पानी बाधतं व्हय? ध्यानात ठेवीन." चार दिवस वाया गेले ते भरून काढायला विठूने काटा पन्नासवर नेला. रोहिणी दिवसभर पेणला रंग आणायला गेली होती. ती अंधार पडता पडता आली आणि थकून झोपली.

बुधवारी सकाळी खोली खडखडीत कोरडी होती. विठूने पिस्तूल रोखलं, पन्नास. तो आनंदाने ओरडणारच होता, इतक्यात त्याला दिसलं. एका मूर्तीच्या पोटावरून केसाएवढी भेग थेट सोंडेपर्यंत गेली होती.

रोहिणी धावत आली. तिने दिवे बंद केले आणि वर पाहिलं. "धुनं कुठाय?"

"काढलं."

"कुनी सांगितलं व्हतं? शाडू घाईनं सुकला की तडकतो. आमी त्याला वल्या फडक्यात गुंडालून हलूहलू सुकवतो, बारक्या पोराला शेकवतात तसा. तुमी तर भट्टी पेटवलीव. मग मीच गेले आळीत, घरोघर. म्हटलं, धुनं आना, ह्ये घरी यायच्या आत काढून न्या, खोलीत ओल राह्यली पायजे. गुरुवारपर्यंत बरोबर सुकल्या असत्या."

"तूच... मग मला सांगितलं का नाय?"

"तुमी मला इचारलंव कधी? तुमी पिस्तूल रोखून मूर्तीलाच इचारत व्हता."

विठूने काटा पन्नासवरून खाली आणला. सहा मूर्ती अजून शाबूत होत्या. सातवीची भेग रोहिणी शाडूच्या लेपाने भरत होती. तो सुरभीच्या दारात गेला. "वयनी, वलं धुनं हाय का जरा?"

"बाधतं ना तुमाला?" सुरभी म्हणाली आणि आभाळाकडे बोट केलं. पंधरा दिवसांनी नेमकं आज लख्ख ऊन पडलं होतं. साऱ्या आळीचं धुणं अंगणात वाळून कडक झालं होतं.

गुरुवारी सहा मूर्ती रंगाला गेल्या. सातवी अजून खोलीत होती, मंद दिव्याखाली. मूर्ती रंगाला गेल्याचं कळल्यावर सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला. "ताई, एवढ्या पावसात शाडू न तडकता सुकवलात कसा?"

रोहिणीने अंगणात पाहिलं. विठू नळाखाली आपला धुतलेला, इस्त्रीचा कंपनीचा ड्रेस भिजवत होता. बायजा बाजूला उभी राहून सांगत होती, "नीट पिलून टांग रं, थेंब पडंल मूर्तीवर."

"घरात यंत्र हाय," रोहिणी फोनवर म्हणाली, आणि गोधडी राहिली आहे अशी तिने नवऱ्याला हाताने खूण केली.