अप्पांच्या नावाआधी

माझा टाका उसवत नाही! अख्ख्या नाहूरला विचारा. म्हणूनच शहाऐंशी साली आमच्या समाजमंदिराच्या रौप्यमहोत्सवाची गोधडी महिला मंडळाने डोळे मिटून माझ्याकडे दिली. पंचवीस वर्षांपूर्वी डोक्यावर विटा वाहून हा हॉल बांधणारे अकरा जण. प्रत्येकाच्या जुन्या कपड्याचा एकेक तुकडा, कुणाचं धोतर, कुणाची मिलमधली खाकी पँट, आणि त्यावर साखळी टाक्यात नाव. मंडळाच्या वनमालाने यादी दिली, मी महिनाभर बोटं टोचून घेतली. झकास झाली होती!

समारंभाच्या सकाळी गोधडी स्टेजवर टांगली. माझी लेक क्षमा खालून मोठ्याने नावं वाचायला लागली आणि अकराव्याला अडली.

"आई, काशीराम अप्पा कधी गेले गं?"

"गेले कुठे? बाहेर चहा पितायत!"

"मग 'कै.' का लिहिलंयस?"

मी धावत स्टेजवर चढले. दहा नावांना 'कै.' होतं, हाताला सवय लागली, अकराव्यालाही ठोकून दिलं! अकरांतले एकटे उरलेले अप्पा, तेच प्रमुख पाहुणे, आणि गेल्याच महिन्यात छातीत कळ येऊन दवाखान्यात राहून आलेले. कुणी शिंकलं तरी घराबाहेर पाऊल न टाकणारा माणूस!

"वनमाला, वाट लागली! अप्पांनी हे वाचलं तर खरंच जातील गं!"

"अगं मग उसव ना पटकन!"

उसव म्हणे! दुहेरी दोरा, मागे गाठ. सुईने हलेना, कात्रीने हलेना. शेवटी ब्लेड घातलं. 'कै.' निघालं, पण कापडासकट! अप्पांच्या लग्नातल्या सदऱ्याला हे एवढं भोक! तेवढ्यात दारात टाळ्या वाजल्या, अप्पा आले! मला रडूच फुटणार होतं. छातीवरचा कापडी बिल्ला उपटला, भोकावर टाचला, आणि वनमालाने वरून पडदा सोडला.

अप्पांनी दोरी ओढली. चष्मा पुसला आणि एकेका नावावर हात ठेवून वाचायला लागले.

"कैलासवासी दशरथ... कैलासवासी जयवंत... कैलासवासी मार्तंड..."

दहाव्या नावापर्यंत त्यांचा आवाज कापायला लागला. अकरावं नाव आलं आणि अप्पा थांबले.

माझ्या बिल्ल्यावर 'स्वागत समिती' लिहिलेलं होतं हो! घाईत टाचताना 'समिती' चुणीत गेलं.

"स्वागत," अप्पांनी वाचलं. "काशीराम."

अप्पांचा हात छातीवर गेला. मी खुर्ची घट्ट धरली, डोळे मिटले.

"काय गो कुंदा," अप्पा म्हणाले, "माझी जागा धरून ठेवल्यानी काय ह्या धा जणांनी?"

डोळे उघडते तर काय, अप्पा छाती धरून हसत होते! डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

त्यानंतर सहा वर्षं जगले. मी रस्त्यात दिसले की लांबूनच ओरडायचे, "अजून नाय गो!"

नावं भरणं मात्र मी सोडलं. आता फक्त पोपट भरते. पोपटाच्या आधी काही लिहावं लागत नाही!